रोथेनबुर्गला रात्र राहावं की दिवसात उरकावं?

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, मे महिन्याच्या सुट्टीत जर्मनीला जायचं ठरतंय, एकूण आठ रात्री. त्यात एक तरी जुनं, तटबंदी शाबूत असलेलं गाव नीट बघायचं आहे. बरीच नावं चाळून रोथेनबुर्ग ओब डेर टाउबरवर येऊन थांबलोय. आम्ही दोघं, 11 वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, असे चौघं. सासूबाई 68 वर्षांच्या. सपाटीला चालतात, पण पायऱ्या उतरताना गुडघा धरतो. सगळे शाकाहारी, सासूबाईंना अंडंही चालत नाही.

टूरवाले तिथे दोन-अडीच तास देतात. तेवढे पुरतात का? राहायचं तर खोली तटाच्या आत घ्यावी की बाहेर? फ्रँकफर्टला उतरावं की म्युनिकला? तटावर चढता येतं म्हणतात, ते सासूबाईंना जमेल का? आणि व्हिसाच्या तयारीला कधी लागावं?


तटाखालचा (सातारा)

रात्र राहाच. सकाळी दहाच्या सुमाराला बस यायला लागतात आणि संध्याकाळी पाच-सहापर्यंत परत फिरतात. तेवढ्या वेळात मार्केट चौक ते प्ल्योनलाइन हा पाच मिनिटांचा रस्ता माणसांनी भरून जातो. बस गेल्या की तेच गाव इतकं शांत होतं की आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. मेमध्ये तिथे साडेपाचला उजाडतं आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो. म्हणजे मुक्कामी माणसाला गर्दीच्या अलीकडे-पलीकडे मिळून सात-आठ तास मिळतात. टूरच्या अडीच तासांत चौक, प्ल्योनलाइनचा फोटो आणि नाताळच्या वस्तूंचं मोठं दुकान एवढंच होतं. तट, सेंट याकोब चर्चमधलं लाकूडकाम आणि किल्ल्याची बाग हे तिन्ही राहून जातं. त्यासाठी एवढ्या लांब जाण्यात अर्थ नाही.

प्ल्योनलाइन म्हणजे रस्ता जिथे दुभंगतो ती जागा. मध्ये पिवळ्या रंगाचं अरुंद घर, डावीकडे सरळ पुढे झीबर्स बुरूज, उजवीकडे उतारावर खाली कोबोल्त्सेल दरवाजा. फोटो दक्षिणेकडे तोंड करून काढावा लागतो, म्हणून भर दुपारी ऊन समोरून येतं आणि बुरूज काळा पडतो. सकाळी सात-आठला उजेड डावीकडून येतो आणि रस्ताही मोकळा असतो.

खोली तटाच्या आतच घ्या. मात्र आतली घरं जुनी, तीन-चार मजली, लाकडी जिने अरुंद आणि खडे. लिफ्ट असेलच असं धरून चालू नका. बुकिंग करतानाच तळमजल्याची किंवा लिफ्टजवळची खोली मिळेल का हे लेखी विचारा आणि उत्तर आल्यावरच पैसे भरा.

तारीख ठरवण्याआधी पेंटेकोस्ट हा ख्रिस्ती सण कधी आहे ते बघा. ईस्टरनंतरचा सातवा रविवार, बहुतेक वेळा तो मे महिन्यात किंवा जूनच्या सुरुवातीला येतो. त्या शनिवार-रविवार-सोमवारी गावात ‘माइस्टरट्रुंक’चा उत्सव असतो. तीस वर्षांच्या युद्धात 1631 साली सेनापती टिलीने गाव घेतलं, आणि माजी महापौर नुशने टिलीची पैज स्वीकारून सव्वातीन लिटर वाईन एका दमात पिऊन गाव वाचवलं, ही आख्यायिका. तिचं नाटक 1881 पासून होतं. जुन्या वेशातले लोक, तंबू, मिरवणूक, बघण्यासारखं असतं. पण खोल्या फार आधी संपतात आणि दर चढतात. उत्सवच बघायचा असेल तर आठ-दहा महिने आधी खोली धरा, नाहीतर तो आठवडा टाळा. चौकातल्या जुन्या मद्यपानगृहाच्या इमारतीवर घड्याळाच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडतात आणि टिली व नुश यांच्या बाहुल्या हाच प्रसंग दाखवतात. ते उत्सवाशिवायही दिवसभर तासातासाला चालू असतं.


गणेशदुर्ग (सांगली)

व्हिसाचं बोलतो, कारण घोळ तिथेच होतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावाच लागतो. निकालाला नियमाप्रमाणे 15 दिवस, काही प्रकरणांत 45 पर्यंत. मेच्या सुट्टीसाठी सगळा महाराष्ट्र मार्च-एप्रिलमध्ये अपॉइंटमेंट शोधत असतो, म्हणून तुम्ही जानेवारीतच तारीख घ्या. जर्मनीचा अर्ज व्हीएफएस या व्हिसा-अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या पुण्याच्या केंद्रात देता येतो, मुंबई गाठायची गरज नाही. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. मागच्या 59 महिन्यांत शेंगेन व्हिसासाठी (जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) ते दिले असतील तर सहसा पुन्हा लागत नाहीत. फी मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 वयाला 45. त्यावर केंद्राचा सेवाकर वेगळा.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला हवा. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. सासूबाईंच्या वयामुळे विमा कंपनीच्या वयाच्या अटी आधी वाचा. गुडघ्यासारखं जुनं दुखणं बहुतेक पॉलिसीत धरलेलं नसतं.

शेतीचं उत्पन्न असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. सातबारा आणि कारखान्याचं ऊसबिल मराठीत असतं, त्यांना इंग्रजी भाषांतर जोडा आणि बिलाची रक्कम बँकेच्या उताऱ्यात कुठे जमा झाली त्या ओळीवर खूण करा. अर्जाच्या आठवडाभर आधी पाहुण्यांकडून तीन-चार लाख खात्यावर फिरवून घेतले तर ते उताऱ्यात लगेच उठून दिसतं आणि संशय येतो. त्यापेक्षा तीन महिने खात्यात कमी पण खरी शिल्लक दिसलेली बरी.

दुसऱ्या देशातही रात्री काढणार असाल तर अर्ज जास्त रात्री असलेल्या देशाकडे करायचा. रात्री समान असतील तर जिथे आधी उतरता त्या देशाकडे.

आता शिदोरी. साताऱ्याचे कंदी पेढे नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून प्रवाशाच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे, खवा, तूप, पनीर सगळं त्यात आलं. सापडलं तर काढून घेतात, दंडही होऊ शकतो. भडंग, शेंगदाण्याची चटणी, तेलातले धपाटे, मेतकूट यांना अडचण नाही. चटणी चेक-इनच्या बॅगेतच टाका.


कृष्णाकाठ (सांगली)

पेढ्यांचं बरं सांगितलंत, दोन किलो न्यायचा बेत होता. गुडघ्याचं आणि तटाचं कुणी सविस्तर सांगेल का? आणि जेवणाचं?


फांजीवरून (सातारा)

तटाचं सांगतो. आपल्या किल्ल्यांचे शब्द इथे जसेच्या तसे चालतात, म्हणून तेच वापरतो.

गावाला पूर्ण वेढा घालणारा तट आहे, चाळीसहून जास्त बुरूज. त्यातली सुमारे अडीच किलोमीटरची फांजी, म्हणजे तटावरची वाट, चालण्यासारखी आहे. तिच्यावर लाकडी वाशांचं कौलारू छप्पर आहे, त्यामुळे पावसातही फिरता येतं. तिकीट नाही, दार नाही, सकाळी सहाला चढलात तरी कुणी अडवत नाही. मुख्य दरवाजांजवळ जिने आहेत, म्हणून एका दरवाजाला चढून पुढच्याला उतरता येतं. फांजीची रुंदी दोन माणसांना एकमेकांना अंग चोरून जाता येईल एवढी. बाहेरच्या बाजूला तटाची भिंत आणि तिच्यात जंग्या (मारा करायची भोकं), आतल्या बाजूला लाकडी कठडा. तुळया काही ठिकाणी इतक्या खाली आहेत की उंच माणसाचं डोकं आपटतं. मुलगा खूश होईल. जंगीतून बाहेर बघायला सांगा. भोक आतून रुंद आणि बाहेरून चिंचोळं का, हे त्याला आपोआप कळेल.

सासूबाईंना तटावर नेऊ नका. पायऱ्या दगडी, उंच, झिजलेल्या, आणि तुम्ही म्हणता तसा त्रास उतरतानाच होतो. तटाच्या पोटाशी आतून गल्ली आहे, तिथून सपाटीने जात फांजी खालून बघता येते. नगरभवनाच्या मनोऱ्याला 220 पायऱ्या आहेत आणि शेवटचा टप्पा शिडीसारखा. तो तुम्ही बापलेकांनी करा. सासूबाईंसाठी उत्तम जागा म्हणजे किल्ल्याची बाग. चौकातून हेर्नगासे या रुंद रस्त्याने दहा मिनिटं, जवळपास सपाट. बाकं आहेत, झाडांची सावली आहे, आणि खाली टाउबर नदीच्या दरीत दुमजली कमानींचा पूल दिसतो. 1142 साली तिथे किल्ला बांधला होता, 1356 च्या भूकंपात तो पडला आणि दगड तटाच्या कामी आले. दरीत उतरायचा मोह मात्र त्यांनी टाळावा, परत येताना खडी चढण आहे.

त्या बागेत शिरता तो बुर्गटोर दरवाजा सावकाश बघा. मोठ्या दाराच्या फळीत एक माणूस वाकून जाईल एवढी दिंडी आहे. रात्री दरवाजा बंद झाल्यावर उशिरा आलेल्याला परवानगी घेऊन तिच्यातूनच आत यावं लागे. एका वेळी एकच माणूस आणि तोही वाकलेला, म्हणजे शत्रू लबाडीने शिरायचा म्हणाला तरी एकेक करून सापडणार. प्रतापगडाच्या दरवाजातली दिंडी आठवा, हिशोब तोच. वर भिंतीत एक दगडी मुखवटा आहे. त्याच्या उघड्या तोंडातून हल्लेखोरांवर उकळतं डांबर ओतत. दक्षिणेकडच्या श्पिटाल दरवाजावर 1586 चा लॅटिन लेख आहे: येणाऱ्यांना शांती, जाणाऱ्यांना क्षेम.

आता एक गोष्ट जी टूरमध्ये सहसा सांगत नाहीत. गाव सगळंच्या सगळं जुनं नाही. 31 मार्च 1945 ला बाँब पडून जुन्या गावाचा सुमारे 40 टक्के भाग जळाला, मुख्यतः पूर्वेकडचा, आणि तटाचाही मोठा तुकडा पडला. पुढे अमेरिकी तोफखान्याने उरलेलं उडवायचं होतं. अमेरिकेचे तेव्हाचे युद्ध खात्याचे सहायक सचिव जॉन मॅक्लॉय यांना या गावाचं मोल माहीत होतं, त्यांच्यामुळे तो मारा टळला. युद्धानंतर पडलेला भाग जुन्या रस्त्यांच्या रेषा न हलवता उभा केला. तटासाठी जगभरातून देणग्या आल्या. पूर्वेच्या फांजीवर चालताना भिंतीत बसवलेल्या नावांच्या पाट्या दिसतात, त्या या देणगीदारांच्या. जपानी नावं खूप आहेत. रोडर दरवाजाच्या आसपासची साधी गिलाव्याची घरं आणि हेर्नगासेची जुनी घरं एकाच सकाळी बघितली तर नवं-जुनं डोळ्यांना ओळखता येतं.

आणि जे जुनं उरलं ते मुळात का उरलं? 1274 पासून हे स्वतंत्र साम्राज्य-नगर, म्हणजे थेट सम्राटाच्या अखत्यारीतलं, श्रीमंत. 1631 च्या लुटीने आणि 1634 च्या प्लेगने ते खचलं, व्यापारी वाटा दुसरीकडे गेल्या. पुढची दोनशे वर्षं जुनी घरं पाडून नव्या चालीची बांधायला पैसाच नव्हता. एकोणिसाव्या शतकात चित्रकार आणि प्रवासी यायला लागले, तेव्हा लोकांना कळलं की आपल्याकडे काय आहे. मग बांधकामाचे नियम आले. आजही दुकानांच्या पाट्या घडीव लोखंडाच्या, रस्त्यावर काटकोनात टांगलेल्या असतात आणि चकाकणारे फलक दिसत नाहीत. वाई-मेणवलीचे वाडे डोळ्यांसमोर पडत असताना हे बघणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

सेंट याकोबमध्ये लोक खाली फिरून बाहेर पडतात. शिल्पकार टिलमान रीमेनश्नायडरची पवित्र रक्ताची वेदी वर, पश्चिमेच्या सज्जात आहे. मागच्या जिन्याने चढावं लागतं. 1500 ते 1505 या काळातलं लिंडनच्या लाकडाचं काम. रंग दिलेला नाही, त्यामुळे छिन्नीचा हात सरळ दिसतो. शेवटच्या भोजनाचा देखावा आहे, पण मधोमध येशू नाही, त्याला दगा देणारा यहूदा उभा आहे, हातात पैशांची थैली. येशू बाजूने त्याच्याकडे घास पुढे करतो आहे. देखाव्याच्या मागे बारीक खिडक्या कोरल्या आहेत, त्यांतून येणारा उजेड हलला की चेहऱ्यांवरच्या सावल्या बदलतात. वर क्रूसात स्फटिकाची कुपी आहे, येशूचं रक्त मानल्या जाणाऱ्या ज्या अवशेषासाठी ही वेदी केली तो तिच्यात. घाई करू नका, पंधरा मिनिटं द्या. सासूबाईंनी एक जिना चढायचाच असेल तर तो हा चढावा, सावकाश, कठडा धरून.


मिरज जंक्शन

गाडीचं माझ्याकडे. तुम्ही फ्रँकफर्टला उतरून म्युनिकहून परत या, म्हणजे एकच रस्ता दोनदा होत नाही.

फ्रँकफर्ट विमानतळावरूनच वुर्त्सबुर्गला थेट आयसीई (लांब पल्ल्याची वेगवान गाडी) मिळते, साधारण दीड तास. तिथून प्रादेशिक गाडीने श्टाइनाख, पाऊण तास. तिथे छोटी गाडी पकडून रोथेनबुर्ग, 15 मिनिटं. बदल धरून सगळं तीन तासांच्या आसपास.

चुका इथे होतात. पहिली नावाची. रॉटेनबुर्ग आम नेकार हे वेगळं गाव आहे, दुसऱ्या टोकाला, आणि पोलंडच्या सीमेजवळही एक रोथेनबुर्ग आहे. श्टाइनाखही बरीच आहेत. तिकिटावर ‘ओब डेर टाउबर’ आणि ‘बाय रोथेनबुर्ग’ हे शब्द दिसल्याशिवाय पैसे भरू नका. दुसरी, श्टाइनाखची छोटी गाडी साधारण तासाला एक. मागची गाडी पाच-दहा मिनिटं उशिरा आली तर ती निघून जाते आणि तिथे तासभर बसावं लागतं, स्टेशनवर फारसं काही नाही. डब्यात पाणी आणि खाणं असू द्या. तिसरी, स्वस्त मिळणारं स्पारप्राइस तिकीट त्याच लांब पल्ल्याच्या गाडीला बांधलेलं असतं. विमान उशिरा उतरून तुमच्यामुळे ती चुकली तर ते वाया जातं. विमान उतरल्यानंतर किमान तीन तासांनी सुटणारी गाडी धरा, किंवा थोडे जास्त देऊन मोकळं तिकीट घ्या. 2025 च्या ऑक्टोबरपासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, म्हणून पासपोर्टच्या रांगेला जास्त वेळ धरा.

परतीला बायर्न तिकीट घ्या. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर बायर्न राज्यातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्या. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊपासून, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून. आयसीईत चालत नाही, चढलात तर पूर्ण भाडं पडतं. तिकिटावर नावं लिहावी लागतात, तपासनीस पासपोर्टशी ताडून बघतो. फ्रँकफर्ट हेसेन राज्यात आहे, त्यामुळे येतानाच्या आयसीईला हे उपयोगी नाही.

स्टेशन तटाबाहेर पूर्वेला आहे. रोडर दरवाजा दहा मिनिटं, चौक पंधरा. पण आत गोट्यांसारख्या दगडांची फरसबंदी आहे. चार बारीक चाकांची बॅग तिच्यावर चालत नाही, चाक फटीत अडकून दांडी निसटते. दोन मोठ्या चाकांची बॅग किंवा पाठीवरची सॅक घ्या. सासूबाईंसाठी आणि सामानासाठी स्टेशनहून हॉटेलपर्यंत टॅक्सी करा. मुक्कामी लोकांची गाडी आत सोडतात. सासूबाईंना रबरी तळव्याचे बूट हवेत, चपला नकोत, दगड पावसात निसरडे होतात.

इकडचं टोकही सांभाळा. सांगलीहून मुंबई विमानतळ पावणेचारशे किलोमीटर आणि जर्मनीची विमानं बरीचशी मध्यरात्रीनंतर सुटतात. दुपारी निघून रात्री पोचू हा हिशोब खंबाटकीत किंवा एक्सप्रेसवेवर चुकतो. सकाळी सातला सांगली सोडा.


हळद बाजार (सांगली)

जेवणाबद्दल. रोथेनबुर्ग ज्यात येतं तो फ्रँकोनिया मांसाहारी मुलूख आहे आणि शाकाहारी वाटणाऱ्या पदार्थातही डुकराची चरबी किंवा खारवलेल्या मांसाचे तुकडे असतात. बटाट्याच्या सूपचा रस्सा बहुतेकदा हाडांचा, फ्लामकूखेन या पातळ भाजलेल्या रोटीवर सहसा मांस, काही ठिकाणी ब्रेझेल या गाठीच्या पावाच्या कणकेतही चरबी. अंडं तर सगळीकडे. चीझ घातलेले श्पेट्सले म्हणजे अंड्याच्या कणकेच्या शेवया. बटाट्याचे तळलेले पॅनकेक सफरचंदाच्या गरासोबत मस्त लागतात, पण बांधायला अंडं घालतात. तीन शब्द कागदावर लिहून दाखवा: ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक, ओने आय’, म्हणजे मांस, डुकराचं खारवलेलं चरबीचं मांस आणि अंडं यांच्याशिवाय.

मेमध्ये पांढऱ्या शतावरीचा हंगाम असतो, 24 जूनपर्यंत. उकडलेली शतावरी आणि बटाटे कुठेही मिळतात. होलंडेझ सॉस अंड्याचा असतो, त्याऐवजी वितळलेलं लोणी मागा. सासूबाईंचं पोटभर जेवण होतं. श्नेबालेन हा तिथला प्रसिद्ध गोड पदार्थ, कणकेच्या पट्ट्या गुंडाळून तळलेला चेंडू, वर पिठीसाखर. त्यात अंडं असतंच आणि कधी प्लमची दारूही. तुम्हा बाकीच्यांना चालत असेल तरी चौघांत एकच घ्या, मुठीएवढा असतो आणि कोरडा लागतो.

हॉटेलांची स्वयंपाकघरं रात्री नऊच्या सुमाराला बंद होतात. जुन्या वेशातला रात्रपहारेकरी गाव फिरवून दाखवतो, त्याची इंग्रजी फेरी चौकातून आठला निघते, तासाभराची, म्हणून जेवण सहा-साडेसहाला उरका. रविवारी सुपरमार्केट बंद, दूध-फळं शनिवारीच घ्या. सुटी नाणी बाळगा, शौचालयाला लागतात. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर 25 सेंट अनामत असते, बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते.


लोणार ते रीस (सातारा)

एक भर घालतो. म्युनिककडे जाणारच आहात तर वाटेत नॉर्डलिंगेनला तीन-चार तास थांबा. रोथेनबुर्गहून गाड्या दोन-तीनदा बदलाव्या लागतात, शेवटचा बदल डोनाउवोर्थला, तिथून अर्ध्या तासावर. हे गाव जवळपास गोल आहे, तट सुमारे 2.7 किलोमीटर आणि फांजी पूर्ण फेरी मारता येईल अशी सलग. रोथेनबुर्गला अशी सलग फेरी होत नाही.

मुलासाठी खास गोष्ट: गाव उल्केच्या खड्ड्यात आहे. आपलं लोणार सुमारे 1.8 किलोमीटरचं, हा रीस खड्डा 24 किलोमीटरचा आणि दीड कोटी वर्षांपूर्वीचा. आघाताने झालेला सुएव्हाइट नावाचा दगड गावच्या सेंट जॉर्ज चर्चला वापरलाय, त्यात डोळ्यांना न दिसणारे हिऱ्यांचे कण आहेत. चर्चचा डानिएल मनोरा 90 मीटर, 350 पायऱ्या. वरून खड्ड्याची कडा क्षितिजावर डोंगररांगेसारखी चारी बाजूंना दिसते. 1970 साली अपोलो 14 च्या अंतराळवीरांना खडक ओळखायला इथे आणलं होतं. सासूबाईंसाठी खाली चौकात बाकं आहेत, गाव सपाट आहे.

डिंकेल्सब्यूल हे आणखी एक तटबंदीचं गाव दोन्हींच्या मध्ये पडतं आणि युद्धात ते वाचलं, घरं सुंदर आहेत. पण तिथे नेहमीची प्रवासी रेल्वे नाही, बसच्या वेळा शनिवार-रविवारी विरळ होतात. सामान आणि गुडघा दोन्ही सोबत असताना ते सोडलेलंच बरं.


कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्रँकफर्टला उतरून पहिल्या दोन रात्री रोथेनबुर्ग, वाटेत नॉर्डलिंगेन, मग म्युनिक असं धरतोय. एकच विचारायचं राहिलं: नॉर्डलिंगेनला तीन-चार तास थांबायचं तर बॅगा कुठे ठेवायच्या?


मिरज जंक्शन

लॉकरच्या भरवशावर जाऊ नका. छोट्या स्टेशनवर ते मोजके असतात, मोठी बॅग मावेलच असं नाही. रोथेनबुर्गहून म्युनिकला जाऊन बॅगा हॉटेलात टाका आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊनंतर बायर्न तिकिटावर डोनाउवोर्थमार्गे नॉर्डलिंगेन करून संध्याकाळी परत या. एक तिकीट जास्त लागेल, पण सासूबाईंना वाटलं तर त्या दिवशी त्या म्युनिकलाच थांबू शकतील.